तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती वाढवली तर उदासी जाईल का?

बीड-लातूरकडच्या गावांतून तपासणीला येणारे रुग्ण, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे नातेवाईक, मला एक प्रश्न नेहमी विचारतात: "डॉक्टरसाहेब, ह्याला कशातच करमंना, जेवणबी तुटलंय, प्रतिकारशक्ती कमी झाली असंल, ती वाढवायचं काही लिहून द्या ना." नैराश्याचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र तो संबंध बहुधा उलट्या दिशेचा असतो, कारण नैराश्याच्या काही रुग्णांत प्रतिकारशक्तीची यंत्रणा गरज संपल्यावरही चेतलेलीच राहिलेली आढळते.

शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही त्यांतली दोन. त्यांचा निरोप रक्तातून आणि छाती-पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून मेंदूपर्यंत जातो. मग ताप चढतो, भूक मरते, ग्लानी येते आणि माणसांत बसणे नकोसे होते. आजारी बैल पुढ्यात कडबा असूनही तोंड लावत नाही, रवंथ सोडतो आणि मान टाकून बसतो, त्यामागेही हेच कारण आहे. ही लक्षणे म्हणजे निव्वळ अशक्तपणा नसून तापाला लागणारी शक्ती राखून ठेवण्याची शरीराची योजना आहे, अशी मांडणी अमेरिकेतील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली केली. कोणत्याही शेतकऱ्याला ती चटकन पटावी.

पण ही योजना थोड्या दिवसांसाठी असते. दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची ही चेतलेली अवस्था, महिनोन्महिने धुमसत राहिला, तर अन्नातल्या ज्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून मेंदू मनःस्थितीशी निगडित सिरोटोनिन बनवतो, त्याचा काही भाग क्विन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याकडे वळतो, आणि त्यातून पुढे तयार होणारी काही द्रव्ये चेतापेशींना त्रासदायक ठरतात. या संबंधाचा मला सर्वांत ठोस वाटणारा पुरावा हेपटायटिस-सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या जुन्या उपचारातून मिळाला. तेव्हा इंटरफेरॉन-अल्फा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला चेतवणारेच औषध, अनेक महिने टोचले जात असे, आणि त्या काळात साधारण चारांपैकी एका रुग्णाला नैराश्य येत असे. त्यांतल्या अनेकांना पूर्वी असा त्रास कधी झालेला नव्हता.

मराठवाड्यात २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. ताप आठवड्यात उतरला, पण अनेकांचे सांधे पुढे कित्येक महिने धरलेलेच राहिले. अशा रुग्णाचे मन खचते त्यात वेदनेचा, बुडालेल्या मजुरीचा आणि तुटलेल्या झोपेचा वाटा असतोच, पण शरीरात चालू राहिलेल्या दाहाचाही असू शकतो. म्हणून "ताप गेला, आता कसलं सोंग" असे त्याला घरच्यांनी म्हणू नये, असे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते.

मात्र प्रत्येक नैराश्य दाहातून येत नाही. दाह दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणी नैराश्याच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांतच वाढलेली सापडते, आणि ती लठ्ठपणा, तंबाखू किंवा साध्या संसर्गानेही वाढते. शिवाय दीर्घकाळचा ताण स्वतःच दाह वाढवतो, त्यामुळे नापिकी आणि कर्ज यांना या विषयातून वगळता येत नाही.

मग दाह कमी करणारे औषध का देऊ नये? अमेरिकेत तो प्रयोग झाला. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना टीएनएफ रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब आणि बाकीच्यांना औषधाविना सलाईन दिले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत एकंदर फरक दिसला नाही. ज्यांचे सीआरपी मुळातच लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक होते, त्यांच्यातच औषधाचा फायदा होत असल्याची चिन्हे होती. त्यावरून सरसकट उपचार ठरवता येत नाही. सांधेदुखीसाठी आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुड्यांचा मार्ग तर कोणी धरूच नये, कारण त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते, आणि ते दाह दाबत असले तरी मनःस्थिती बिघडवू शकते. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांबाबतही मी सावध असतो. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली केली आहे.

म्हणून प्रतिकारशक्तीच्या गोळीऐवजी मी आधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासतो, जुनी सांधेदुखी किंवा सोरायसिस असल्यास त्याचे उपचार नीट चालू आहेत का हे पाहतो, आणि नैराश्याची औषधे व समुपदेशन यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. घरातले कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवत असेल, तर कोणत्याही तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना घेऊन या, आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका.