चौघी की पाच

आमच्या खात्यात कलाकृतीची ओळख पाठीकडून होते. प्रेक्षक समोर उभे राहतात, समीक्षकही समोरूनच लिहितात. संग्रहालयाच्या नोंदणी विभागातली मी मात्र आधी वस्तू पालथी घालते. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, गंजलेले खिळे, कुणी पेन्सिलीने लिहून खोडलेले आकडे, सगळं तिथेच सापडतं. उसनी आलेली वस्तू पेटीतून निघाली की तिच्यावरचा डाग न् डाग कागदावर उतरवायचा, फोटो काढायचे आणि बरोबर आलेल्या कुरियरची सही घ्यायची. परत पाठवताना 'हा ओरखडा तुमचाच' अशी वादावादी नको म्हणून हा खटाटोप. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. तो वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं ऐकिवात नाही.

कुरियर म्हणजे पार्सलवाला नव्हे. मोलाची वस्तू देणारा मालक तिच्याबरोबर आपला विश्वासाचा माणूस धाडतो आणि तो माणूस विमानतळापासून भिंतीपर्यंत तिला नजरेआड होऊ देत नाही. त्या दिवशी आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, मितभाषी. पेटी चोवीस तास दालनात तशीच ठेवली होती, आतल्या कापडाला इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. तेवढा वेळ त्या अधूनमधून येऊन पेटीला हात लावून जात होत्या.

प्रदर्शन होतं गेल्या पन्नास वर्षांतल्या स्त्रियांच्या कामाचं, कापड आणि दोरा हे सूत्र धरून. अशी प्रदर्शनं आता नवलाची राहिलेली नाहीत. व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बिएनाले या कलामेळ्यात २०२२ साली मुख्य प्रदर्शनाच्या २१३ कलाकारांत पुरुष अगदी थोडे होते. गोरिला गर्ल्स या स्त्री-कलाकारांच्या गटाने १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक कलेच्या दालनांत मोजदाद केली, तेव्हा कलाकारांत स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी निघाल्या होत्या आणि नग्नचित्रांत ८५ टक्के देह बायकांचे. हे आकडे छापलेलं त्यांचं पोस्टर जगभर फिरलं, आणि तेव्हापासून प्रदर्शन कुठलंही असो, कुणीतरी लेबलं मोजतंच. आमच्या क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शन रचणारीनेही मोजली होती. यादीतली एकूण एक कलाकार बाईच. ती खुशीत होती आणि ते रास्तच होतं.

आमची वस्तू म्हणजे ऐंशीच्या दशकातला एक भलामोठा भरतकामाचा पट. सहा आडवे, सात उभे असे बेचाळीस चौकोन, प्रत्येकात घरकामाचं एकेक साधन: चाळणी, इस्त्री, बादली, सुई. कलाकार आता हयात नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये या पटावर दीड पान होतं आणि त्यात 'एका स्त्रीचा एकाकी संयम' असा शब्दप्रयोग होता. तो मीच टंकून दिला होता, त्यामुळे पाठ होता.

असा पट भिंतीवर टांगताना मागे वरच्या कडेला वेल्क्रोची पट्टी शिवलेली असते. तिचे टाके ढिले झाले की सगळं ओझं एकाच कोपऱ्यावर येतं आणि कापड फाटतं. म्हणून आम्ही तिघींनी तो टेबलावर पालथा घातला. मागे अस्तर होतं, तीन बाजूंनी शिवलेलं, खालून मोकळं. दिवा टेबलाच्या पातळीला आणून तिरपा उजेड टाकला, म्हणजे सुरकुती, उसवण उठून दिसते. अस्तर वीतभर उचललं आणि मी थबकले.

पुढून सगळं भरतकाम एका हाताचं वाटावं इतकं सारखं. मागे मात्र प्रत्येकीने आपला स्वभाव सोडला होता. एकीने प्रत्येक दोऱ्याला टप्पोरी गाठ मारलेली. दुसरीने एकही गाठ मारली नव्हती, टोकं टाक्यांखाली सरकवून दडवली होती. तिसरी दोरा वाचवणारी, म्हणून मागची बाजू जवळजवळ कोरी. आणि एकीचे टाके सगळ्यांच्या उलट्या अंगाला कललेले. ती डावखुरी असावी. भरीला प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक खूण: फुली, टिंब, दोन रेघा, त्रिकोण. फुली जिथे जिथे, तिथे टप्पोऱ्या गाठी. त्रिकोण तिथे डावरे टाके. नगावर मजुरी मोजायची असली की अशा खुणा करतात, हे कळायला कलेचा इतिहास शिकावा लागत नाही.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "हो, बायका यायच्या ना कामाला. चौघी की पाच. मी तेव्हा नवीन होते, चहा द्यायचे."

"नावं?"

"नावं कोण लक्षात ठेवतंय."

क्युरेटरला फोन केला. ती खाली आली, दिव्याजवळ वाकली आणि बराच वेळ काही बोलली नाही. दालनाच्या दाराशी तिचंच मोठं टिपण भिंतीवर चढलं होतं. त्यात अमेरिकी कलाकार जूडी शिकागोच्या 'द डिनर पार्टी'वर परिच्छेद होता: १९७४ ते ७९ चाललेलं काम, त्रिकोणी मेज, ३९ जणींची पानं मांडलेली, खाली फरशीवर आणखी ९९९ स्त्रियांची नावं. त्या कामाला चारशेहून जास्त माणसांचे हात लागले होते आणि शिकागोने सहकाऱ्यांची नावं-फोटो असलेले फलकही त्याच्यासोबत मांडले. तरी आज विचारलं तर नाव एकच येतं ओठांवर. पण निदान फलक आहेत. कुणाला शोधायचं झालं तर वाट आहे.

"अगं, एवढं काय," क्युरेटर अखेर म्हणाली. "पुरुष शिल्पकाराचं ब्राँझ येतं, तेव्हा ते ओतणाऱ्या कारागिराचं नाव मागितलंस कधी?"

खरं सांगायचं तर नव्हतं मागितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिचा मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, ब्राँझचा घोडा 'घोडा ओतणाऱ्यांच्या अदृश्य श्रमांवर' नसतो. हा पट बायकांच्या न दिसणाऱ्या कामावर आहे असं आपणच छापलंय.

ती म्हणाली, "मालकाला काय सांगू? झाकली मूठ आहे ती, उघडून बसलो तर विम्याच्या आकड्यापासून सगळंच हलेल. शिवाय करारात लिहिलंय, कलाकाराचं नाव त्यांनी दिलं तसंच छापायचं." हेही खरं. तो करार माझ्याच फायलीत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात आलं. आणि हात तर अक्षरशः समोर पसरले होते.

तेव्हा मला कलाकार मिअर्ल लेडरमन युकेलीस आठवली. १९७३मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये तिने संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशा धुतल्या आणि तेच आपलं कलाकर्म म्हणून मांडलं. त्यातला माझा आवडता भाग वेगळाच आहे. तिथे एका ममीची काचेची पेटी होती, ती रोज सफाई कामगार पुसायचा. युकेलीसने ती पुसली आणि तिच्यावर 'मेन्टेनन्स आर्ट'चा, म्हणजे 'देखभाल-कले'चा शिक्का उमटवला. त्याबरोबर पुसलेली काच कलाकृती झाली आणि मग ती पुन्हा पुसण्याचा अधिकार फक्त संग्रहालयाच्या संवर्धकाला उरला. काच तीच, फडकं तेच, कागदावरचा रकाना बदलला. आम्ही नोंदणीवाले त्या रकान्यांचे कारकून. तिने नेमकं आमचंच पितळ उघडं पाडलं होतं.

नाव लिहिलं की न्याय झाला, इतकं हे सोपंही नाही. चिलीत लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून 'अर्पियेरा' केल्या, बेपत्ता केलेल्या माणसांची चित्रं. त्या बहुतेक बिननावाच्या, कारण नाव म्हणजे घरी पोलीस. पण पुष्कळ अर्पियेरांच्या पाठीला छोटा खिसा असे आणि त्यात हकिगत लिहिलेली चिठ्ठी. देशाबाहेर गेल्यावर वाचणाऱ्याने वाचावी. आमच्या पटाला खिसा नव्हता. इथे नावं लपवली नव्हती कुणी, कुणाला त्यांची गरजच वाटली नव्हती.

आणि याच प्रदर्शनात अमेरिकी चित्रकार फेथ रिंगोल्डवर एक फलक होता. १९७२मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये तिने कापडी चौकटीतली तिबेटी-नेपाळी थांगका चित्रं पाहिली आणि स्वतःच्या चित्रांना तशा कापडी कडा लावल्या. गुंडाळून कुठेही नेता येतात, हा त्यातला रोकडा फायदा. त्या कडा शिवल्या तिच्या आईने, विली पोसीने, आणि आईचं नाव रिंगोल्ड आवर्जून घेत असे. एका खंडातली रीत दुसऱ्या खंडातल्या संग्रहालयात बघायची, तिसऱ्यात जाऊन वापरायची आणि शिवणारीचं नाव तेवढं हातचं सुटू द्यायचं नाही. जमतं की.

क्युरेटरला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी एवढंच विचारलं, "माध्यमाचा रकाना आपण भरतो ना?"

तो आम्हीच भरतो. कलाकाराच्या नावाखाली 'सुती कापड, सुती दोरा' अशी जी ओळ असते, ती वस्तू डोळ्यांनी बघून लिहायची असते. कुरियर बाईंनी मालकाला फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलल्या. परत येऊन म्हणाल्या, नावाला हात लावू नका, वस्तूत जे दिसतं ते लिहा. तासाभराने लेबलची नवी प्रत आली: 'सुती कापड, सुती दोरा, किमान चार भरतकाम करणाऱ्यांची हातशिलाई.' क्युरेटरने कॅटलॉगसाठी शुद्धिपत्रक काढलं आणि 'एकाकी' हा शब्द गेला. 'संयम' राहिला. त्यावर मी गप्प बसले.

रिपोर्ट मी चार पानांचा लिहिला. गाठी, टाक्यांचा कल, खुणांची रेखाटनं, हात पोचला तेवढ्या खालच्या तीन ओळींचा नकाशा. सही करताना बाई त्रिकोणाच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही गायची." आणि पेन बंद करून मला परत दिलं.

प्रदर्शनात त्या लेबलपाशी कुणी थांबल्याचं मला दिसलं नाही. पन्नास लक्सच्या मंद उजेडात बारीक अक्षरं वाचायची हौस किती जणांना असणार.

पट पुढे दुसऱ्या देशातल्या संग्रहालयात गेला, रिपोर्ट त्याच्यासोबत. सात महिन्यांनी तिथल्या रजिस्ट्रारची, माझ्यासारख्याच नोंदणीवालीची, मेल आली. वेल्क्रो बदलायला त्यांनी अस्तर पूर्ण काढलं होतं आणि माझा अर्धवट नकाशा तिने पुरा केला होता. एकेचाळीस चौकोनांवर खूण आहे, तिने लिहिलं होतं. वरच्या ओळीतल्या डावीकडून दुसऱ्यावर नाही. टाके लांब, असमान, दोनदा उसवून पुन्हा घातलेले; बाकी कुठल्याही हाताशी जुळत नाहीत.

मी आमचे जुने फोटो उघडले आणि तो चौकोन मोठा करून पाहिला. त्यावर चाळणी आहे. समोरून तो बाकीच्यांसारखाच दिसतो.