माळकऱ्याच्या घरातली टँकार्डे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी जो कोणी पहिल्यांदा येतो, तो चहा येईपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापाशी जाऊन उभा राहतो, आतले पेले एकेक करून पाहतो आणि थोडे चाचरत एकच प्रश्न विचारतो : "ताई, तुमच्या घरी कुणी घेत नाही, अण्णा तर माळकरी होते, मग ही बिअर प्यायची भांडी कशासाठी जमवलीत?" निपाणीच्या व्याह्यांनी हे विचारले, गॅस जोडायला आलेल्या मुलाने विचारले, माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींनी तर कितीदा विचारले. उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहते.

कपाटातले पहिले भांडे अण्णांचेच आहे. ते कँपात एका लष्करी मेसमध्ये कारकून होते. एकादशी न चुकवणारा, गळ्यात तुळशीची माळ असलेला हा माणूस तीस वर्षे दुसऱ्यांच्या पेल्यांचा हिशेब वहीत मांडत राहिला आणि त्याने स्वतः कधी एका थेंबाला स्पर्श केला नाही. पलटण सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला मेसकडून टँकार्ड भेट देण्याची पद्धत असते. टँकार्ड म्हणजे एका बाजूला कान असलेला उभट, जड पेला. काहींना बिजागरीचे झाकणही असते. त्यावर पलटणीचे चिन्ह, अधिकाऱ्याचे नाव आणि त्याच्या येण्याजाण्याची वर्षे कोरलेली असतात. कारकुनाला असे काही देण्याची रीत नव्हती, तरी अण्णा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांच्या नावाचे टँकार्ड करवून घेतले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिले. अण्णांनी त्यातून पाणीसुद्धा प्यायले नाही. मात्र दर खंडेनवमीला त्यांचे पेन, दौत आणि हिशेबाची जुनी वही पाटावर मांडली जाई, त्या ओळीत हे टँकार्डही असे, आणि त्यालाही गंध-फूल वाहिले जाई. कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत हळदीकुंकवाचा रंग अजून बसलेला आहे. तो मी काढलेला नाही आणि काढणारही नाही.

अण्णा गेल्यावर मी तसली आणखी भांडी शोधू लागले. सुरुवातीला मी भांड्याचा घाट आणि नक्षी पाहून घेत असे. मला नेमके काय हवे आहे ते एका अपघाताने कळले, आणि तो प्रसंग सांगायला मला आजही जड जाते.

जुनी टँकार्डे बरीचशी प्यूटरची असतात. हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, पण त्यातला मुख्य धातू आपल्या आज्यांच्या चांगला ओळखीचा आहे : कथील. आजच्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर कथील असते आणि कडकपणा यावा म्हणून थोडे तांबे व अँटिमनी घालतात. जुन्या प्यूटरमध्ये शिसेही असे, आणि म्हणून जुन्या टँकार्डातून हौसेनेही काही पिऊ नये. पितळेच्या पातेल्याला आतून जी कल्हई लावतात ती याच कथलाची. आपल्याकडे जो धातू भांड्याच्या पोटात पातळ थरापुरता राहतो, त्याचे इंग्रजांनी अख्खे भांडे घडवले.

असेच एक बुडाशी झिरपणारे टँकार्ड मला कँपातल्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळाले होते. त्यावर एक नाव होते आणि १८८० नंतरचे कुठलेसे साल होते. तेव्हा आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कल्हईवाले मामा येत. मी ते त्यांच्या हातात दिले आणि बूड तेवढे सांधून द्या म्हटले. त्यांनी ते हातात तोलले, कडेला नखाने दाबून पाहिले आणि म्हणाले, "बाई, हे आतबाहेर सगळं कथीलच दिसतंय. भट्टीला टिकणार नाही." मी आग्रह धरला. त्यांनी चिमट्यात धरून ते निखाऱ्यांच्या कडेला नेले. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि प्यूटरही त्याच्याच आसपास. आधी काठ मेणासारखा कलला, पाठोपाठ कान निसटला, आणि ज्या बाजूला नाव होते ती बाजू माझ्या डोळ्यांदेखत एक चकचकीत थेंब होऊन राखेत पडली. मामांनी तो गोळा पाण्यात निववून माझ्या हातावर ठेवला. ते नाव मी वहीत उतरून घेतले नव्हते. आडनावाचे पहिले अक्षर तेवढे आठवते. दोष सर्वस्वी माझा होता. त्या दिवसापासून कोणतेही भांडे घरात आले की त्याला फडके लावण्याआधी मी त्यावरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवते. मला जे हवे असते ते म्हणजे कुणाचे तरी नाव, एक दिवस, आणि ते भांडे कुणीतरी कुणाच्या तरी हातात दिले ही गोष्ट. त्यातून पुढे बिअर प्याली गेली की ताक, याने मला फरक पडत नाही.

राज्याभिषेकाचे पेले हा या छंदातला मोठा भाग आहे, कारण ब्रिटनमध्ये अशा प्रसंगी शाळाशाळांतून मुलांना पेले वाटत. त्यांतले दोन मला फार मोलाचे वाटतात. एकावर सातव्या एडवर्डचे चित्र आहे आणि खाली २६ जून १९०२ ही तारीख. त्या दिवशी राज्याभिषेक झालाच नाही. दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. पण तोवर कारखान्यांतून पेले बाहेर पडले होते. दुसरा आठव्या एडवर्डचा. त्याचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता आणि डिसेंबर १९३६ मध्येच त्याने गादी सोडली. न झालेल्या राज्याभिषेकाचा पेला म्हणजे दुर्मीळ वस्तू असे सांगून विक्रेते भरमसाट किंमत मागतात, आणि मीही सुरुवातीला एकदा तशी मोजली. प्रत्यक्षात हे पेले फार मोठ्या संख्येने तयार झाले होते आणि लोकांनी ते जपूनही ठेवले, त्यामुळे ते सहज मिळतात. तीच १२ मे ही तारीख कायम ठेवून त्याचा धाकटा भाऊ सहावा जॉर्ज गादीवर बसला, आणि त्याच दिवसाचे पेले नव्या चेहऱ्याने पुन्हा निघाले.

या पेल्याच्या शेजारी मी माझ्या आजीचे पितळी फुलपात्र ठेवले आहे. आजी शहापूरची. फुलपात्राच्या काठाखाली बारीक ठिपके टोचून एक ओळ घातली आहे : ‘चि. सौ. कां. हीस लग्नाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट, वैशाख शके १८५९’. शके १८५९ म्हणजे १९३७, आणि १२ मे हा दिवस त्याच वैशाखात येतो. लंडनमध्ये राजाच्या नावाचे पेले विकले जात होते त्या महिन्यात इथे एका मामाने दुकानात बसून आपल्या भाचीसाठी ही ओळ घालून घेतली. घालणाऱ्याचा हात ‘प्रीत्यर्थ’ या जोडाक्षराशी अडखळला आहे. तिथले ठिपके दाट झाले आहेत आणि एके ठिकाणी टोचणी घसरल्याची बारीक रेघ दिसते. बोटाने चाचपले तर ती जागा अंधारातही सापडते. आजी पाणी पिताना त्या जागी अंगठा ठेवत असे.

कपाटात सर्वांत उंच आहे तो जर्मन पेला, अर्ध्या लिटरचा, चिनी मातीचा, प्यूटरच्या झाकणाचा. मला तो म्हापशाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत तरुणांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे, पायदळात दोन वर्षे आणि घोडदळात तीन. ती संपवून घरी जाताना शिपाई आठवण म्हणून असे पेले करवून घेत. त्यावर त्याचे स्वतःचे नाव, पलटण, नोकरीची वर्षे आणि बाजूला त्याच्या तुकडीतल्या सोबत्यांची नावे असत. ही अक्षरे जुन्या जर्मन वळणाची आहेत. पूर्वी मोडी शिकले तशीच अक्षर अक्षर जुळवत मी ती वाचायला शिकले. माझा पेला १९०८ ते १९१० या काळातला आहे आणि त्यावर एकोणतीस नावे आहेत. रिकामा करून उजेडाकडे धरला की बुडाच्या पातळ मातीतून एक चित्र उमटते : घरच्या वाटेवर लागलेला शिपाई निरोप घेतो आहे आणि एक मुलगी त्याच्याजवळ उभी आहे. शेवटचा घोट घेणाऱ्यालाच ते दिसावे अशी ती रचना. या पेल्यांच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत, तेव्हा घेणाऱ्याने पलटणीचे नाव, वर्षे आणि गणवेशाचे चित्र यांचा मेळ बसतो का हे शांतपणे पाहावे.

चार वर्षांनी, ऑगस्ट १९१४ मध्ये, ही राखीव माणसे पुन्हा बोलावली गेली. त्या एकोणतीसांपैकी किती परतले असतील, हा विचार पेला हातात घेतला की येतोच. आणि लगेच आपल्याकडची माणसे आठवतात. त्याच युद्धात मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात लढत होते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आमच्या भागात पलटण हा शब्द घरच्या माणसासारखा उच्चारला जातो. युद्धानंतर सरकारने देशावर आणि कोकणात बऱ्याच गावांत दगडी पाट्या बसवल्या : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. त्यांतल्या पुष्कळ पाट्यांवर नुसते आकडे आहेत, नावे नाहीत. त्या जर्मन शिपायाने आपल्या पगारातून सोबत्यांची नावे चिनी मातीवर भाजून घेतली होती, म्हणून ती आज टिळकवाडीत वाचता येतात.

माझ्याकडे नसलेल्या आणि मला नकोशा वाटणाऱ्या एका पेल्याबद्दलही सांगायला हवे. १८९६ मध्ये रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकानिमित्त मॉस्कोबाहेरच्या खोदिन्का मैदानावर लोकांना भेटी वाटायच्या होत्या. त्यांत खाऊबरोबर एक इनॅमलचा पेला होता, दोन डोक्यांचा गरुड, राजाराणीची आद्याक्षरे आणि साल असलेला. भेटी पुरणार नाहीत अशी अफवा उठली, खाचखळग्यांच्या मैदानावर गर्दी लोटली आणि तेराशेहून अधिक माणसे चेंगरून मेली. ते पेले आजही विकले जातात. पेल्यावर मेलेल्यांपैकी कुणाचेच नाव नाही.

ओळखण्याच्या खुणांबद्दलही लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. ब्रिटिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप असेल तर ती ९२.५ टक्के शुद्ध. जहाजाच्या नांगराचा छाप बर्मिंगहॅमचा, बिबट्याच्या तोंडाचा लंडनचा, आणि सालासाठी एक अक्षर असते. चिनी मातीच्या पेल्याच्या बुडाशी ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने तेव्हापासून देशाचे नाव घालणे भाग पडले. काचेच्या बुडाच्या टँकार्डाची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते : भरती करणारे लोक बिअरमध्ये गुपचूप नाणे टाकत, ते हाती लागले की माणूस फौजेत दाखल झाला असे धरत, म्हणून लोक बूड काचेचे करू लागले. गोष्ट रंगतदार आहे, पण मी ती दंतकथाच मानते.

अलीकडे माझा जास्त वेळ आपल्याच भांड्यांमागे जातो. लग्न, मुंज, वास्तुशांत, कशातही आपण तांब्या-फुलपात्र देतो आणि त्यावर नाव घालतो; टँकार्डावरच्या मजकुरात आणि यात मला काहीही अंतर दिसत नाही. स्टील आल्यावर घरोघरचे पितळ मोडीत निघाले. मी ज्या दुकानात जाते तिथले मालक कन्नड बोलणारे. मला पाहिले की ते "बर्री अक्का, कूडरी" म्हणून स्टूल पुढे करतात आणि नाव घातलेली भांडी तागडीखालून वेगळी काढून देतात. त्यांत मराठी नावे असतात, कन्नड असतात, एका तांब्यावर तर सासरचे नाव कन्नडात आणि माहेरचे मराठीत आहे. दर ते मोडीचाच लावतात. मी नको म्हटलेले भांडे संध्याकाळी भट्टीकडे जाते, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिथून उठणे कठीण होते.

गेल्या महिन्यात त्यांनी एक गडू बाजूला ठेवला होता. काळा पडलेला, पोटाशी चेपलेला. मी तो खिडकीशी नेऊन तिरपा धरला तेव्हा ‘मु. खानापूर’ लागले, त्याच्याआधी ‘बहिणीस’ लागले. भावाचे नाव चेपलेल्या जागी आहे. गडू अजून चिंचेने घासलेला नाही. सकाळचे ऊन आडवे येते तेवढा वेळ मी रोज तो हातात घेऊन बसते. काल ‘रा’ किंवा ‘श’ असे एक अक्षर दिसले आहे.