संध्याकाळचे सात एकतीस

३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागला, आणि माझ्याकडे एका दूध संघाच्या संकलनाचं सॉफ्टवेअर. तिथे दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. त्या संध्याकाळचं दूध मापून झालं की महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांचा हिशोब बंद, रात्री बिलं आणि सकाळी उत्पादकांच्या खात्यांची यादी बँकेकडे. पशुखाद्याच्या कपातीत एक चूक निघाली होती. ती मी दुरुस्त करून ठेवली होती, बिलांच्या आत सर्व्हरवर चढवायची तेवढी राहिली होती.

पावणेआठला सर्व्हरवर गिट पुल दिलं, म्हणजे कोड साठवतो त्या गिटमधून नवा कोड सर्व्हरवर ओढायची कमांड. दुपारी विनातक्रार चाललेली कमांड आता म्हणाली, सर्व्हर सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल्ड. म्हणजे समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र पटलं नाही. आमचंच गिट, आमचाच सर्व्हर. मी पुन्हा एकदा दिलं, तेच. तेवढ्यात पलूसकडच्या एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला.

"मॅडम, मेसेज यायचं बंद झालंय. बायका काट्यापासनं हलंनात."

"आबा, फॅट मशीनवर दिसतेय ना?"

"दिसतीय की. पण मोबाइलवर आल्याबिगर पटत नाही त्यास्नी."

त्यांचं बरोबरच होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर असा तो चार आकड्यांचा मेसेज म्हणजे दूध घालणाऱ्या बाईच्या हातातला एकमेव पुरावा. दहा दिवसांनी बिलावर वाद झाला तर ती तोच उघडून दाखवते.

सर्व्हरच्या नोंदींची फाइल, लॉग, उघडला. शेवटचा मेसेज सात एकतीसला गेला होता. त्यापुढे प्रत्येक ओळीला एकच उत्तर: सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड, मुदत संपली. आधी सर्व्हरचं घड्याळ तपासलं, कारण तारीख मागेपुढे झाली की हीच एरर येते. घड्याळ बरोबर होतं. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये आमचं गिट आणि मेसेजवाल्या कंपनीचा पत्ता, दोन्ही उघडले. दोन्हीकडे कुलपाचं चिन्ह जागेवर, दोन्ही सर्टिफिकेटांची मुदत अजून बरीच शिल्लक. मग संपलं होतं कुणाचं?

शेजारी बसलेला आमचा नवा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, तोवर व्हेरिफाय, सर्टिफिकेटची पडताळणीच, बंद करूया का? एका ओळीचं काम आहे. उद्या परत चालू करू."

पोरगं कळकळीनं सांगत होतं, लोक खोळंबले होते. पण बाहेरच्या सगळ्या कॉलसाठी आमच्या कोडमध्ये एकच फंक्शन होतं. मेसेज त्यातूनच जायचे आणि बँकेची यादीही. तिथे पडताळणी बंद केली की मजकूर कुलूपबंद जातो खरा, पण कुलूप कुणाच्या हातात देतोय हे कुणीच विचारत नाही. वाटेत कुणी 'मीच बँक' म्हणून उभा राहिला तर शेकडो घरांचे खाते क्रमांक त्याच्या हवाली. मी नको म्हटलं आणि आबांना सांगितलं, अर्धा तास द्या, एकही मेसेज बुडणार नाही.

सर्टिफिकेटं तपासणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅमनं सर्व्हरवरूनच जोडणी करून बघितली. प्रत्येक सर्टिफिकेटवर त्याच्या वरच्याची सही असते, सगळ्यात वरचं ते रूट. पडद्यावर साखळी उतरली: तळाशी आमचं सर्टिफिकेट, त्याच्यावर आर३, त्याच्यावर आयएसआरजी रूट एक्स१ आणि सगळ्यात वर डीएसटी रूट सीए एक्स३. शेवटच्या नावापुढे मुदत लिहिली होती, ३० सप्टेंबर, १४:०१:१५ जीएमटी. त्यात आपले साडेपाच तास मिळवले. संध्याकाळचे सात वाजून एकतीस मिनिटं, पंधरा सेकंद. अंगावर काटा आला.

आमचं आणि मेसेजवाल्यांचं, दोन्ही सर्टिफिकेटं लेट्स एन्क्रिप्टची. सर्टिफिकेटं देणारी ही संस्था नवी होती तेव्हा तिचं आयएसआरजी रूट कुणी ओळखत नव्हतं, म्हणून डीएसटी या जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या रूटची सही तिनं सोबत घेतली. पुढे तिचं स्वतःचं रूट सगळीकडे पोचलं, तरी ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड फोन चालत राहावेत म्हणून जुन्या सहीची साखळी ठेवली गेली. अँड्रॉइड रूटची मुदत तपासत नाही, त्यामुळे तिकडे निभावत होतं. आमच्या सर्व्हरवर मात्र उबुंटू १६.०४ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्यातलं ओपनएसएसएल १.०.२. सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार आहेत, एक समोर हजर आहे, पण कारकून कागदावरच्या शेवटच्या नावापर्यंत जाणार आणि तो माणूस वारला म्हणून कर्ज नाकारणार, असं या जुन्या ओपनएसएसएलचं वागणं. मधलं आयएसआरजी रूट त्याच्याही विश्वासाच्या यादीत होतं, पण तो तिथे थांबतच नव्हता. नव्या आवृत्त्या थांबतात.

म्हणजे करायचं होतं ते उलटंच. पडताळणी तशीच ठेवायची आणि मेलेलं नाव यादीतून काढायचं. सर्व्हर कोणत्या रूटांवर विश्वास ठेवतो त्या यादीच्या, सीए-सर्टिफिकेट्सच्या कॉन्फ फाइलमध्ये डीएसटीच्या ओळीआधी एक उद्गारचिन्ह टाकलं आणि अपडेट चालवलं. उत्तर आलं, शून्य ॲडेड, एक रिमूव्हड. श्वास रोखून पुन्हा जोडणी केली. आता साखळी तिसऱ्या नावावर थांबली आणि खाली ओके आलं. गिट पुल झालं, कपातीची दुरुस्ती चढली, तुंबलेले मेसेज धडाधड सुटले.

साडेआठला आबांना फोन लावला. मागे बायकांचा गलका होता. "आला, आला! चार लिटर दोनशे, फॅट सहा आठ," कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं.

बिलं निघेपर्यंत आम्ही दोघांनी सगळा कोड धुंडाळला. एका जुन्या रिपोर्टच्या फाइलमध्ये ती ओळ सापडलीच: पडताळणी बंद, वर शेरा 'तात्पुरतं', तारीख २०१७ ची. ती काढली, काहीही अडलं नाही. चार वर्षं ती जागा उघडी होती, आणि उबुंटू १६.०४ चा मोफत आधार एप्रिलमध्येच संपला असताना मी सर्व्हर बदलायचं पुढे ढकलत होते, याचा मला मनापासून त्रास झाला. ते काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलं.

सकाळी खात्यांची यादी बँकेकडे गेली, पडताळणी चालू ठेवूनच. खाद्याची कपातही बरोबर लागली होती.