निगेटिव्हमधली इडा

शिकागोजवळच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी काम करते. तळघरात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मची, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या रिळांची, कपाटं आहेत. तिथे येणारे बहुतेकजण कुणा पणजोबांच्या मृत्यूची बातमी शोधत येतात. म्हणून सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई काठी टेकत आल्या, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "आडनाव काय?"

"आडनाव नको, तारीख घ्या. शिकागो ट्रिब्यून, ५ मार्च १९१३."

तारीख ओळखीची वाटली. वुड्रो विल्सन अध्यक्षपदाची शपथ घेणार त्याच्या आदल्या दिवशी, ३ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये बायकांनी मताधिकारासाठी मिरवणूक काढली होती. मग अंक चार तारखेचा बघायला हवा, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. (आमच्या कामात असा ठामपणा अंगाशी येतो.)

"मला बातमी नकोय. फोटो हवाय, तो पाचला आलाय."

रीळ चढवता चढवता त्या बोलत राहिल्या. फोटो इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईचा. तिचं नाव मला ठाऊक होतं ते मेम्फिस या दक्षिणेतल्या शहरामुळे. १८९२ साली तिथे थॉमस मॉस या तिच्या मित्राला आणि त्याच्या दोघा साथीदारांना जमावानं ठार मारलं. मॉसच्या किराणा दुकानामुळे समोरच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसत होता. गोऱ्या बाईवरच्या बलात्काराचं कारण पुढे करून केलेल्या अशा कितीतरी हत्यांमागे तसं काही घडलेलंच नसतं, हे इडानं आपल्या 'फ्री स्पीच' पत्रात उघड लिहिलं. ती परगावी असताना जमावानं कचेरी फोडली. परत आलीस तर जीव जाईल, असे निरोप आले. पुढे १८९५ मध्ये तिनं लिंचिंगचा, म्हणजे जमावानं केलेल्या अशा हत्यांचा, हिशेब पुस्तिकेत मांडला, तो ट्रिब्यूनमध्ये छापून आलेल्या आकड्यांवरून. म्हणजे गोऱ्यांच्याच पेपरातून. तिच्यातल्या पत्रकाराची ही चलाखी मला फार आवडते.

१९१३ ला ती शिकागोहून इलिनॉयच्या तुकडीसोबत वॉशिंग्टनला गेली. तिथे तिला सांगण्यात आलं, काळ्या बायकांनी शेवटी चालावं, नाहीतर दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरतील. तिनं साफ नकार दिला आणि ती दिसेनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, गेली असेल मागे. मिरवणूक सुरू झाल्यावर ती बघ्यांच्या गर्दीतून बाहेर आली आणि इलिनॉयच्या रांगेत बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या गोऱ्या मैत्रिणींबरोबर चालू लागली.

हँडल फिरवत मी पाच तारखेवर आले. आमच्या पडद्यावर फिल्म आधी निगेटिव्ह दिसते, काळ्यावर पांढरी अक्षरं. मजकूर वाचायला अडत नाही, पण फोटोचं सगळं उलटं होतं. तिघी एका रांगेत होत्या. दोघी गोऱ्या बायकांचे चेहरे काळेकुट्ट, आणि इडाचा पांढराफटक.

मी ओशाळून बटणाकडे हात नेला, तर बाईंनी माझं मनगट धरलं. त्या हसत सुटल्या, पार खोकला येईपर्यंत.

"आता सांगा, मागे कोणी चालायचं?"

मला हसावं की नाही ते कळेना. मग हसले.

त्यांनी दोन प्रिंट मागितल्या, एक सरळ, एक तशीच उलटी. कशासाठी, म्हणून विचारलं. त्या दारोदार फिरून मतदार नोंदवतात, फाइलच्या आत चिकटवायला हव्या होत्या. मिरवणुकीनंतर चारच महिन्यांत इलिनॉयच्या बायकांना अध्यक्षपदासाठी आणि महापालिकेसाठी मत देण्याचा हक्क मिळाला होता. इडाच्या अल्फा सफ्रेज क्लब या काळ्या बायकांच्या मताधिकार संघटनेच्या बायका घरोघर नोंदणीला जायच्या, तेव्हा पुरुष म्हणायचे, घरी जाऊन पोरं सांभाळा. त्या हटल्या नाहीत. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक झाला, त्यात त्यांचा मोठा हात होता.

"तुम्ही काठी घेऊन जिने चढता?"

"काठीनं बेल वाजवते."

तीस सेंट झाले. काउंटरवर नोंदणीचे कोरे फॉर्म ठेवलेले असतात, त्यातला एक त्यांनी उचलून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, माझं अजून ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज टाकायचा राहिलाय. पात्र होऊन तीन वर्षं झाली, हे मात्र सांगितलं नाही.

त्यांनी फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात ठेवला, कडा जुळवल्या. "मग टाका," म्हणाल्या, आणि लिफ्टकडे निघाल्या.