तुम्ही विचारलंत म्हणून: दादा उठला कसा

सोलापूरच्या गड्डा यात्रेत कुणी भेटलं, सात रस्त्याला रिक्षात कुणी भेटलं, प्रश्न तोच. "ब्रेन डेड म्हणाले होते की दादाला, मग उठला कसा ग?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतात, सिद्धरामेश्वराची कृपा. कृपा असेल, मी नाही म्हणत नाही. पण दादा ब्रेन डेड नव्हताच.

डिप्रेशनच्या गोळ्या त्याने जास्त घेतल्या होत्या, अमिट्रिप्टिलिन. ती प्रमाणाबाहेर गेली की कोमा इतका खोल जाऊ शकतो की टॉर्च मारला तरी बाहुल्या हलत नाहीत, घशात नळी फिरवली तरी खोकला येत नाही, श्वास मशीनवर. बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण मेंदू मेलेला नसतो, औषधाखाली दबलेला असतो.

आता जे कुणी विचारत नाही ते. आयसीयूबाहेर डॉक्टर मॅडमनी मला तीनदा विचारलं, कुठल्या गोळ्या चालू होत्या का. रिकामी स्ट्रिप माझ्या पर्समध्ये होती, फाटलेली चंदेरी कड बोटाला टोचत होती, आणि मी पर्सची चेन ओढून नाही म्हणाले. पोलीस केस होईल, वहिनीच्या माहेरी कळेल, हेच डोक्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला गुन्हेगार धरत नाहीत, उलट तो प्रचंड ताणाखाली होता असंच मानतात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बोलले असते? घर सांभाळत होते असं मी अजूनही स्वतःला सांगते, आणि पटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, दिसतंय ब्रेन डेडसारखं पण सीटी स्कॅन चांगला आहे, जुळत नाहीये काहीतरी. तेव्हा मी चेन उघडली. त्या ओरडल्या नाहीत, स्ट्रिप घेऊन आत पळाल्या. चौथ्या दिवशी सकाळी दादाच्या पापण्या हलल्या.

म्हणून डॉक्टरांना नावं ठेवू नका. आणि "बघ, म्हणून अवयवदान करू नये" हे तर माझ्यासमोर अजिबात नको. अवयवदानासाठी ब्रेन डेड ठरवायला आपल्याकडे चार डॉक्टर लागतात, कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि त्याआधी औषधाचा अंमल नाही ना हे बघावंच लागतं. पण काय घेतलंय ते घरच्यांनी सांगायला हवं ना. मी सांगितलं नव्हतं.

दादाला हे अजून माहीत नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल.