किनवटच्या नमुन्यातली दोन माणसं

किनवटकडून सिकलसेलचे नमुने आले की मी दुसरं काम हाती घेत नाही. हिमोलायसेट, म्हणजे तांबड्या पेशी फोडून काढलेलं हिमोग्लोबिनचं द्रावण, करायला धीर लागतो. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचा प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकायचा, तांबड्या पेशी सलाइनने तीनदा धुवायच्या. मग डिस्टिल्ड वॉटर घातलं की पेशी फुगून फुटतात. पुन्हा फिरवल्यावर आवरणांचा गाळ खाली बसतो, वर उरतं लालभडक, जवळपास निव्वळ हिमोग्लोबिन. धुण्यात घाई झाली तर प्लाझ्मातली प्रथिनं इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या, पट्टीवर भलत्याच रेषा उमटवतात.

त्या दिवशी एका लहान मुलीच्या नमुन्यात, 8.6 पीएचच्या बफरमध्ये, ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) आणि एस (सिकलसेलचं) अशा दोन रेषा आल्या. म्हणजे वाहक, एकाच पालकाकडून एस आलेली, आजार नसलेली? पण वाहकात ए ची रेषा जाड असते. इथे एस जाड होती. थॅलसेमियाची (ए कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाची) जोड असली तरी असं दिसतं.

पेशी फुटल्या की सगळ्यांचं हिमोग्लोबिन एकत्र होतं. कोणतं कुठल्या पेशीतलं, हे हिमोलायसेट सांगू शकत नाही. म्हणून मूळ रक्ताचा थेंब ऑक्सिजन ओढून घेणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटसोबत काचपट्टीवर घेतला, कव्हरस्लिपच्या कडा बंद केल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ऑक्सिजन संपत गेला तशा पेशी विळ्यासारख्या वाकल्या. पण सगळ्या नाहीत! अधूनमधून काही गोल पेशी शेवटपर्यंत गोलच राहिल्या. वाहकात काय, थॅलसेमियाच्या जोडीत काय, प्रत्येक पेशीत एस असतो. उशिरा का होईना, बहुतेक सगळ्या वाकतात. या नळीत दोन माणसांचं रक्त होतं.

आशाताईंना फोन लावला. "लेकराला रक्त चढवलं होतं का?"

"हो मॅडम, मागल्या महिन्यात एक पिशवी लावली. फॉर्मवर तसं लिहायला जागाच नाही."

दात्याच्या पेशी दोन-तीन महिने अंगात टिकतात. ए ची रेषा त्या दात्याची होती. "वाहक" असा अहवाल गेला असता तर घरच्यांनी निश्चिंत होऊन तो कपाटात ठेवला असता. हायड्रॉक्सियुरियाचं औषध नाही, न्यूमोकोकलची लस नाही, आणि लेकरू हाडं दुखतात म्हणून रडत राहिलं असतं. या विचाराने माझा जीव आजही कासावीस होतो.

आई-वडिलांचे नमुने मागवले. दोघंही वाहक निघाले. अहवालावर एसएस, म्हणजे दोन्ही पालकांकडून एस आलेला सिकलसेलचा आजार, असं लिहिलं, खाली रक्त चढवल्याची नोंद केली. आता आमच्या फॉर्मवर नावाखालीच प्रश्न असतो: गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलं आहे का?