भाजलेले खांब आणि उघडा जांभा

लिस्बनमध्ये गाइड म्हणून काम करताना साओ दोमिंगोस चर्च मी नेहमी कार्मो मठानंतर दाखवते. त्या दिवशी सोबत महाराष्ट्रातून आलेले वास्तुकलेचे विद्यार्थी होते.

कार्मोच्या मुख्य दालनाला छप्परच नाही. 1 नोव्हेंबर 1755ला, ऑल सेंट्सच्या सणाच्या सकाळी, ते भूकंपात कोसळलं. आकाशाखाली उभ्या कमानी बघून लोक त्या सरसकट मध्ययुगीन समजतात; पण त्यातल्या बऱ्याचशा 1756नंतरच्या पुनर्बांधणीतल्या आहेत. 1834मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले आणि काम तिथेच थांबलं. त्याच धोरणापायी 1835मध्ये जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठ ओस पडला, आणि 1842मध्ये त्याचं कमानदार छत खाली आलं.

तिथून उतार उतरून साओ दोमिंगोस. 13 ऑगस्ट 1959च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं लाकूडकाम जळालं. 1994मध्ये चर्च पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं होतं, खांब मात्र भाजलेलेच ठेवले. माझ्या मते हा शहरातला सगळ्यात प्रामाणिक जीर्णोद्धार आहे.

खांब वाचायला आधी रंग बघायचा. चुनखडीच्या दगडातलं पिवळसर लोह साधारण 300 अंशांना लाल होतं, म्हणून गुलाबी पट्टा दिसला की तिथवर आच पोचली होती असं समजावं. 800 अंशांच्या आसपास त्याच दगडाचा कळीचा चुना होऊ लागतो. पुढे त्यावर पाणी पडलं की तो फुगतो आणि पापुद्रे सुटतात. मग कडा बघायच्या. त्यांना दोन बाजूंनी आच लागते, त्यामुळे आधी त्याच झडतात. दगडातून उष्णता सावकाश आत जाते. पृष्ठभाग तापून पसरतो, गाभा थंड राहतो, आणि मध्ये चीर पडते. बंबाच्या पाण्याने बाहेरचा थर एकदम आकसला की नव्या चिरा पडतात. अशा खांबाला सिमेंटने भरायचं नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर येऊ देत नाही, मग शेजारचा मऊ दगडच भुगा होऊन गळतो. दुरुस्ती चुन्यातच हवी.

इथे एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, मग जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चचा जांभाही असाच उघडा ठेवला तर काय बिघडलं?"

त्या प्रश्नावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर बराच वेळ बोललो. बॉम जेझसचा गिलावा 1950च्या दशकात काढला गेला, दगड जुना आणि भारदस्त दिसावा म्हणून. साओ दोमिंगोसचे खांब मात्र छताखाली आहेत. कार्मो उघडं आहे खरं, पण लिस्बनला वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात 3000च्या घरात, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि वर्षानुवर्षं झिजत जातो. बॉम जेझसच्या दर्शनी भागातली नक्षी वसईकडच्या काळ्या पाषाणात आहे, ती टिकते. भिंत टिकत नाही. त्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, आणि तो पावसाळा सरल्यावर, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतो. मे महिन्यात घाईने लावला तर पहिल्याच मोठ्या सरीत तो वाहून जातो.